पणजीचं माहेर कसं शोधायचं

घराण्याच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष ओळीनं बसलेले असतात आणि त्यांच्या बायका ‘लक्ष्मीबाई’, ‘पार्वतीबाई’, ‘द्वितीय पत्नी’ एवढ्यावर आटपलेल्या असतात. ही लक्ष्मीबाई कुठली, कुणाची मुलगी, असं विचारलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘वाईकडची होती बहुतेक.’ हे ‘वाईकडची’ टाकून देऊ नका. शोधाचं पहिलं टोक तेच आहे.

मराठी घरांत लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं. बऱ्याच घरांत ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहून पहिलं नावही बदललं जायचं. माहेरची यमुना सासरी सरस्वती व्हायची. मग जन्मनोंदीतली यमुना आणि सातबाऱ्यावरची सरस्वती एकच, हे कागद आपणहून सांगत नाहीत. तिचं गाव मात्र बदलत नाही आणि भाऊही बदलत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी माहेरचं गाव, मग भाऊ किंवा भाचा, मग आडनाव, आणि तिचं माहेरचं पहिलं नाव सगळ्यांत शेवटी. इथे मुख्यतः महाराष्ट्रातल्या हिंदू घरांच्या कागदांचा विचार केला आहे. ख्रिस्ती आणि मुस्लिम घरांच्या नोंदींबद्दल पुढे थोडं येईल.

१. प्रत्येक बाईला स्वतंत्र पान

वहीत किंवा संगणकावर, कुठेही करा, पण प्रत्येक स्त्रीचं पान वेगळं ठेवा आणि त्यावर या जागा आखा: माहेरी ठेवलेलं नाव, सासरी ठेवलेलं नाव, घरात हाक मारायचे ते नाव (जिजी, माई, बाय), माहेरचं आडनाव, माहेरचं गाव तालुक्यासह, भावांची नावं, आणि ती गेली ती तिथी. प्रत्येक गोष्टीपुढे ती कुणी सांगितली किंवा कुठल्या कागदावर दिसली ते लिहा.

माहेरचं आडनाव माहीत नसेल तर ती जागा कोरी ठेवा. तिथे सासरचं आडनाव भरायचा मोह होतो आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो. वंशावळीचे संगणकीय कार्यक्रम आडनावाच्या रकान्यातलं नाव जन्माचंच आहे असं धरून चालतात. तुम्ही सासरचं भरलंत तर जुळणाऱ्या नोंदी म्हणून ते तिला नवऱ्याच्याच भावकीतली मुलगी दाखवायला लागतात. लग्नानंतरचं नाव ‘इतर नाव’ या जागी जातं.

पानावर सालांचा अंदाजही बांधून ठेवा. पणजीच्या पहिल्या मुलाचा जन्म १९१५ चा असेल तर तिचा जन्म साधारण १८९३ ते १९०० मधला, आणि लग्न मुलाच्या जन्माआधी बरीच वर्षं झालेलं असू शकतं, कारण तेव्हा मुलींची लग्नं दहा-बाराव्या वर्षी, कधी त्याही आधी होत. बालविवाह रोखणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. त्याच्या आधीच्या काही महिन्यांत घाईघाईनं पुष्कळ लग्नं उरकली गेली. घरात ‘शारदा कायद्याच्या धांदलीत झालेलं लग्न’ अशी आठवण असेल तर सालाचा प्रश्न मिटला.

२. आडनाव विचारू नका, मुराळी विचारा

वयस्कर माणसांना ‘आजीचं माहेरचं आडनाव काय?’ असं सरळ विचारलं की एक तर ‘नाही बाई आठवत’ येतं, नाहीतर चुकीचं उत्तर येतं. लहानपणी त्यांनी आडनाव ऐकलेलंच नसतं, माणसं पाहिलेली असतात. तेव्हा माणसांबद्दल विचारा.

तिला माहेरी न्यायला मुराळी कोण यायचा? भाऊबीजेला कोण यायचं? वडिलांच्या मुंजीत किंवा आत्याच्या लग्नात मामा म्हणून कोण उभं होतं? पहिल्या बाळंतपणाला ती कुठे गेली होती? तिच्या माहेरची जत्रा कुठल्या देवाची आणि कुठल्या महिन्यात? बैलगाडीनं जायला किती वेळ लागायचा, मध्ये नदी लागायची का, बाजाराला कुठल्या गावी जायचे? शेवटचे प्रश्न फालतू वाटतात, पण महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव ढिगानं आहेत, त्यात खुर्द आणि बुद्रुक वेगळे. बाजाराचं गाव आणि नदी कळली की कुठलं वडगाव ते ठरतं.

साल आठवत नसेल तर ‘मानमोडीच्या साथीच्या आधी की नंतर?’ (इन्फ्लुएंझाची साथ, १९१८), ‘पानशेत फुटलं तेव्हा ती होती का?’ (जुलै १९६१), ‘कोयनेच्या भूकंपाच्या वेळी?’ (डिसेंबर १९६७), ‘बहात्तरच्या दुष्काळात?’ असे टेकू द्या.

मुलांपेक्षा सुनांना जास्त माहीत असतं. सासूनं आपल्या माहेराबद्दल जे काही बोललं ते सुनेजवळ, चुलीपाशी बोललं. तेव्हा काकांना विचारून झालं की काकूला वेगळं बसवून पुन्हा विचारा. मामाचं आडनाव म्हणजे आईचं माहेर, हे सूत्र प्रत्येक पिढीला लावता येतं. आजोबांचे मामा कोण ते कळलं की पणजीचं माहेर कळलं.

३. माळ्यावरची भांडी आणि कपाटातल्या पत्रिका

पितळेची परात, तांब्याचा हंडा, फुलपात्रं यांवर ठोकून घातलेली नावं हा मराठी घरातला सर्वांत दुर्लक्षित पुरावा. टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं वर्षानुवर्षं घासून पुसट होतात. वाचायची असतील तर आधी चिंच लावून घासू नका, खाचांत बसलेला काळपटपणाच अक्षरं दाखवत असतो. कोरड्या फडक्यानं पुसा, खडूची पूड बोटानं खाचांत भरा, वरची पुसून टाका आणि बाजूनं तिरपा उजेड पाडून फोटो काढा. समोरून दिवा धरला तर धातू चकाकतो आणि काहीच दिसत नाही.

मजकुरात ‘यांजकडून’ म्हणजे देणारा, ‘यांस’ म्हणजे घेणारा. नुसतं आडनाव आणि आद्याक्षरं असतील तर ते बहुधा भांड्याच्या मूळ मालकाचं नाव असतं. सासरच्या आडनावाखेरीज दुसरं आडनाव दिसलं की लिहून घ्या, पण तेवढ्यावर उडी मारू नका. आहेर स्नेह्यांचेही येतात, भांडी मोडीतूनही विकत घेतली जातात. एकाच आडनावाची दोन-तीन भांडी, त्यांवर एकच तारीख, आणि ती तारीख घरातल्या लग्नाच्या आसपासची, असं जुळलं तर धागा पक्का.

लग्नपत्रिकांचं तसंच. पणजीची पत्रिका मिळणं कठीण, पण तिच्या मुलांच्या पत्रिका मिळतात आणि मामांची नावं छापलेली असतात. मुलीच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ असतं ते चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे ती वधू आहे, आधीच लग्न झालेली नव्हे. नवख्या माणसांचा इथे हमखास गोंधळ होतो.

पोथ्यांची पहिली-शेवटची पानं, जुन्या पंचांगांचे समास, हिशेबाच्या वह्या उलगडून पाहा. जन्मवेळा आणि मृत्युतिथी तिथे टिपून ठेवलेल्या असतात. तिथीबरोबर शके दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवा. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मार्चमध्ये येणाऱ्या तिथीला ७९ मिळवायचे. शके १८५० चा कार्तिक म्हणजे १९२८, पण त्याच शकातला माघ १९२९ मध्ये पडतो. मराठवाड्यातल्या जुन्या कागदांवर फसली साल असतं, त्यात ५९० मिळवा. फसली १३५० म्हणजे १९४०-४१.

ज्या घरांत श्राद्ध-तर्पण विधीनं होत असे तिथे नावांची एक चिठ्ठी किंवा वहीचं पान असतंच. ते मिळालं तर वंशावळीच्या दृष्टीनं लॉटरीच. वडिलांकडच्या तीन पिढ्या, आई-आजी-पणजी, आणि त्यानंतर मातामह त्रयी, म्हणजे आईचे वडील, आजोबा आणि पणजोबा, अशी नावं गोत्रासह लिहिलेली असतात. वसुरूप, रुद्ररूप, आदित्यरूप हे शब्द अनुक्रमे पहिली, दुसरी, तिसरी पिढी सांगतात. पुरुषांच्या नावापुढे ‘शर्मा’ आणि बायकांच्या नावापुढे ‘दा’ जोडलेलं असतं, तेव्हा ‘सीतादा’ म्हणजे सीता. आजोबांच्या हातची अशी चिठ्ठी असेल तर पणजीच्या माहेरचे तीन पुरुष आणि त्यांचं गोत्र एका कागदावर मिळालं. खोट एवढीच की आडनाव तिथे नसतं, कारण संकल्पात ते म्हणतच नाहीत. आई-आजी-पणजी यांची नावंही सासरची असतात आणि गोत्र नवऱ्याचं.

४. सौ., गं. भा., भ्र., कोम

सरकारी कागदाकडे जाण्याआधी हे शब्द डोळ्यांत बसवून घ्या.

‘सौ.’ म्हणजे त्या तारखेला नवरा हयात. ‘गं. भा.’ म्हणजे गंगा भागीरथी, विधवा. एका कागदावर सौ. आणि दुसऱ्यावर गं. भा. असेल तर नवऱ्याचा मृत्यू त्या दोन तारखांच्या मध्ये आला. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, नवरा: ‘यमुना भ्र. दत्तात्रय’. ‘कोम’ म्हणजेही ‘ची बायको’, आणि विदर्भ-मराठवाड्याकडे त्याच अर्थानं ‘जौजे’ येतं. ‘बेवा’ म्हणजे विधवा. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे ‘चा मुलगा’. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वडील लवकर गेले आणि मुलं लहान असली की ‘अ. पा. क. आई सीताबाई’ असं बाईचं नाव सातबाऱ्यावर चढतं, आणि कित्येक बायकांची कागदावरची एकमेव खूण तीच असते.

एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच कागदांत आडनाव नसतंच, ‘रामजी बिन गोविंदजी’ एवढंच असतं. तिथे आडनाव शोधत बसू नका, बापलेकांची जोडी जुळवा.

५. पहिलं मूल कुठे जन्मलं

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत शोधकाच्या फार कामाची आहे. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मस्थळाचा रकाना असतो. भावंडांतल्या थोरल्याचं जन्मस्थळ बाकीच्यांपेक्षा वेगळं असेल, तर ते गाव त्यांच्या आईचं माहेर असण्याची शक्यता मोठी.

करायचं असं. पणजीच्या सगळ्या मुलांची यादी करा, मुलींसकट. प्रत्येकाचा शाळा सोडल्याचा दाखला मिळवा. दाखल्यावर जन्मगाव मोघम असेल तर शाळेत जाऊन मूळ जनरल रजिस्टर बघायची विनंती करा, कारण दाखला पुन्हा लिहिताना कारकून जन्मस्थळाच्या जागी शाळेचंच गाव टाकून मोकळा होतो. रजिस्टरात आधीच्या शाळेचं नावही असतं. मुलगा पहिली-दुसरी आजोळी शिकला असेल तर तेही कळतं. दाखल्यावरची जन्मतारीख १ जून असेल तर ती शाळेत प्रवेशासाठी धरलेली असण्याची शक्यता खूप. तारखेवर विसंबू नका, गावावर विसंबा.

मग त्या जन्मगावच्या नोंदी पाहा. खेड्यातल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे बोलीत ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात असतात आणि ती पुस्तकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. अलीकडच्या नोंदी ग्रामपंचायतीत, शहरात असाल तर नगरपालिकेत. जुन्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतं, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं, कारण वर्दी बारशाच्या आधी दिलेली असते. त्यामुळे नावानं शोधू नका, बापाचं नाव आणि महिना धरून पानं चाळा. बाप दुसऱ्या गावचा, हीच त्या पानावरची वेगळेपणाची खूण. नोंद सापडली तर वर्दी कुणी दिली ते पाहा. तो बहुधा बाळाचा आजोबा किंवा मामा असतो.

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत अशा पुस्तकांची हजारो पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली आहेत. घरबसल्या पाहता येतात, पण ती निवडक पानं आहेत. तुमची नोंद त्यांत नाही म्हणजे पुस्तकात नाही असं होत नाही.

६. वारस फेरफार

खातेदार वारला की जमिनीच्या कागदावर वारसांची नावं चढवण्यासाठी जी नोंद होते ती वारस फेरफार. सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या, कारण माहेर आणि सासर एका ओळीत आणणारा कागद हाच. नमुन्यादाखल असा मजकूर धरा:

‘खातेदार गोविंदा बिन रामजी हे ता. ४-२-१९६१ रोजी मयत. वारस: १) मुलगा शंकर, २) मुलगा ज्ञानू, ३) मुलगी यमुना भ्र. दत्तात्रय, ४) बायको भागीरथी. पैकी नं. ३ या लग्न होऊन सासरी नांदत असल्याने त्यांचे नाव इतर हक्कात.’

या चार ओळींत यमुनेचं माहेरचं पहिलं नाव, नवऱ्याचं नाव, बाप, आजा, दोन भाऊ आणि आई, सगळं आलं. घरात तिला सरस्वती म्हणत असले तरी ‘भ्र. दत्तात्रय’ वरून ती तीच. कधी कधी मुलीचं सासरचंच नाव लिहिलेलं असतं. तेव्हा माहेरचं नाव मिळत नाही, पण माहेर पक्कं होतं.

हा कागद मिळेल की नाही ते बापाच्या मृत्यूच्या सालावर ठरतं. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ मध्ये आला. त्यानंतर वारलेल्या माणसाच्या वारसांत मुलींची नावं यायला लागली. त्याआधी मुलगे असले तर मुलींची नावं सहसा नसत. पणजीचा बाप १९४० मध्ये गेला असेल तर निराश होऊ नका. तिची आई १९५६ नंतर गेली का ते बघा, आईचं नाव कमी करतानाच्या फेरफारात मुली येऊ शकतात. आणि एखादा भाऊ निपुत्रिक वारला असेल तर त्याच्या वारसांत बहिणी सापडू शकतात.

आडनाव माहीत असेल तर त्या गावातल्या त्या भावकीचा आजचा सातबारा काढा. नावांशेजारी फेरफार क्रमांक दिलेले असतात, त्यांतले जुने क्रमांक टिपा. संगणकीकृत उताऱ्यात मागचं बरंच गळलेलं असतं म्हणून हस्तलिखित सातबारे मागवा. कंसात टाकलेली नावं म्हणजे कमी केलेली माणसं, आपल्याला हवी असतात ती बहुतेक कंसातलीच. ‘इतर हक्क’ हा रकाना विसरू नका, बहिणी तिथे असतात. गट नंबर टाकून जुनं काहीच निघत नसेल तर जमिनींचे तुकडे जोडून गट पाडले त्या एकत्रीकरणाआधीचा सर्व्हे नंबर वेगळा होता हे कारण असतं. अर्ज करताना दोन्ही नंबर द्या. काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत, आधी तिथे पाहा आणि मग तहसीलचा फेरा घाला.

आडनाव माहीत नाही, फक्त गाव माहीत आहे, अशा वेळी उलटं शोधा. गाव नमुना ६-क ही वारस प्रकरणांची नोंदवही, एका गावाची, फार जाडजूड नसते. ती १९५६ पासून पुढची वीसेक वर्षं चाळा आणि पणजीचं नव्हे, पणजोबांचं नाव शोधा, ‘भ्र.’ च्या पुढे. शेजारी तुमच्या गावाचं नाव असेल तर ती तुमची पणजी.

हक्कसोड पत्र हा याचाच पुढचा कागद. बहिणींनी भावांच्या नावे हिस्सा सोडून दिला की दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला जातो आणि त्यात प्रत्येक बहिणीचं पूर्ण नाव, वय आणि पत्ता असतो. बहिणी एकमेकींशी जोडणारा याच्याइतका स्वच्छ कागद दुसरा नाही. मुलींना जन्मानं समान हिस्सा देणारी दुरुस्ती २००५ ची. तिच्यानंतर असे दस्त खूप झाले आणि त्यांत ऐंशी-नव्वदीच्या आज्यांची नावं आहेत.

७. बाकीच्या नोंदी, थोडक्यात

विवाहनोंदणीकडून फार अपेक्षा ठेवू नका. मुंबईचा विवाह नोंदणीचा कायदा १९५३ चा आणि सध्याचा १९९८ चा असला तरी जुनी बहुसंख्य लग्नं नोंदवलीच गेलेली नाहीत. मृत्यूच्या दाखल्यावर बाईच्या नावापुढे बहुतेक नवराच असतो.

जनगणनेत पणजीचं नाव शोधायचा सल्ला परदेशी मार्गदर्शिकांत असतो. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना अधिनियमानं व्यक्तिगत माहिती गोपनीय आहे, तेव्हा तो रस्ता सोडा. डीएनए चाचणीचंही तसंच. मातृवंशाची चाचणी आईच्या आईच्या आईकडे बोट दाखवते, आडनाव सांगत नाही.

कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचा ग्रंथ, छापलेलं घराणं असेल तर दोन ग्रंथ बघायचे असतात: एक आपल्या घराण्याचा आणि दुसरा, संशयित माहेराचा. जुन्या कुलवृत्तांतांत सुनांची माहेरं अर्धवट असतात, पण दुसऱ्या ग्रंथात मुलगी ‘अमुक यांस दिली’ अशी सापडून जाते. दोन्हींकडे नाव जुळलं तर उत्तम, कारण दोन घराण्यांनी स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गावानं आणि आडनावानं लावलेल्या असतात. तिथे जाताना सासरचं गाव घेऊन जाऊ नका, माहेरचं घेऊन जा आणि पणजीच्या भावाचं नाव विचारा. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी वंशावळ सांगत दारी येतात. आले की बसवून घ्या आणि लेकी कुठे दिल्या तेही विचारा, न विचारता ते पुरुषांचीच माळ सांगतील.

वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांना चर्चमधल्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी आहेत. गोव्याच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं येतात, हिंदूंचीसुद्धा. मुस्लिम घरांत निकाहनाम्यावर वधूच्या वडिलांचं नाव असतं. घरात प्रत नसेल तर ज्या काझींनी निकाह लावला त्यांच्या दप्तरात विचारा.

८. जिथे पाय घसरतो

दोन बायका. पहिली बाळंतपणात गेली, दुसरी आली, आणि वंशावळीत एकच ‘लक्ष्मीबाई’ उरली. कधी दोघींना सासरी एकच नाव दिलेलं असतं. मुलांच्या वयांत सात-आठ वर्षांची फट असेल किंवा शेवटचं मूल आई पन्नाशीत असताना झालेलं दिसत असेल तर दोघी आहेत असं समजून पुन्हा तपासा. कुठल्या मुलाचे मामा कोण, हे वेगवेगळं विचारलं की उलगडा होतो.

पाट. अनेक समाजांत विधवेचा पुनर्विवाह पाट किंवा म्होतूर म्हणून होत असे. अशा बाईला तीन घरं असतात: माहेर, पहिलं सासर, दुसरं सासर. तुम्हाला ‘माहेरचं’ म्हणून मिळालेलं आडनाव पहिल्या नवऱ्याचं असू शकतं. भावाचं आडनाव मिळेपर्यंत खात्री धरू नका.

आते-मामे भावंडांचं लग्न. आजीचं आणि पणजीचं माहेर एकच आडनाव, एकच गाव, असं आलं की नवखा माणूस चूक समजून एक खोडतो. मामाची मुलगी करून घेणं पुष्कळ समाजांत चालत आलेलं आहे. खोडण्याआधी दोघींच्या भावांची नावं मांडून पाहा.

पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे. ही वतनाची नावं. जमिनीच्या कागदावर ‘पाटील’ आणि शाळेत दुसरंच आडनाव, असं एकाच घरात असतं. माहेरचं आडनाव ‘पाटील’ मिळालं तर शोध अर्धाच झालाय, मूळ आडनाव भावकीला विचारून घ्या.

मोडी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे कित्येक कागद मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द एकमेकांना चिकटून येतात, म्हणून नावाचे दोन-तीन पर्याय निघतात. वाचकाकडून लिप्यंतर करून घेताना त्याला अपेक्षित नाव आधी सांगू नका. सांगितलंत की त्याला तेच दिसायला लागतं.

बदललेले जिल्हे. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ मध्ये झाले, लातूर १९८२ मध्ये, पालघर २०१४ मध्ये. त्याआधीचं दप्तर जुन्या जिल्ह्यात राहिलेलं असू शकतं. धरणात गेलेल्या गावाचंही दप्तर तालुक्याला विचारावं, गाव बुडालं म्हणजे कागद बुडाले असं नाही.

दोन स्वतंत्र पुरावे जमेपर्यंत आडनाव पेन्सिलीनं लिहा. स्वतंत्र म्हणजे एकाचं ऐकून दुसऱ्यानं सांगितलेलं नव्हे. काकांनी सांगितलेलं आणि काकांनीच छापलेल्या स्मरणिकेतलं, हा एकच पुरावा झाला.

९. माहेरच्या गावी जाताना

गाव ठरलं, भावकी ठरली, की एकदा प्रत्यक्ष जावं लागतं. इथे एक गोष्ट सांभाळा. तीन पिढ्यांपूर्वी दिलेल्या लेकीचा पणतू दारात येऊन जुन्या सातबाऱ्याची चौकशी करायला लागला, की घरच्यांना वाटतं हा हिस्सा मागायला आला. मग म्हातारी माणसंसुद्धा ‘आम्हाला काही माहीत नाही’ म्हणून गप्प होतात. जमिनीचे कागद तहसिलीतून मिळवा, घरात त्यांचा विषय काढू नका. जाताना पणजीचा फोटो आणि तिच्या मुलानातवंडांची छापलेली वंशावळ बरोबर न्या, त्यात त्यांच्या शाखेची जागा मोकळी सोडा आणि आधी आपली माणसं दाखवा. कुणीतरी फोटो हातात घेऊन आतल्या खोलीतल्या आजीकडे जातं आणि आतून विचारणा येते, ‘ही ज्ञानूआबांची बहीण ना?’ तिथे वही उघडा, आणि आजीनं उच्चारलं तसंच नाव लिहून घ्या.